काडी लावून चहाला जाणाऱ्यांचं काय करायचं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर होती. पोरी माहेरी येणार म्हणून घरोघरी झाडझूड चाललेली, आणि आमच्याकडे झाडझूड म्हणजे काय तर माळ्यावरची फाटकी गादी, पोती, थर्माकोल, अंगणातला पालापाचोळा सगळं ओढत समोरच्या रिकाम्या प्लॉटवर न्यायचं आणि काडी लावायची. त्या दिवशीही तेच झालं. साडेदहाला ढीग पेटवला, पेटवणारा गडी पाच मिनिटं उभा राहिला, जाळ बसल्यासारखा वाटला म्हणून टपरीवर चहाला निघाला. मी म्हटलं पण, अरे वारं सुटेल, तर म्हणे "काहीच नही व्हस भाऊ". अकराच्या पुढे वारं सुटलंच, एक वावटळ बरोबर त्या ढिगावरून गेली आणि पेटतं पोतं उचलून तीन घरं सोडून कडब्याच्या गंजीवर नेऊन टाकलं.

गंजी वर्षभराची होती, गेली. गाय-वासरू वाचले ते घरच्या म्हातारीनं विळ्यानं दावं कापलं म्हणून. बंब बऱ्यापैकी लवकर आला, त्याबद्दल तक्रार नाही, पण गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली उभी आणि पुढे भिंतीला पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळल्या काड्यांचे) भारे लावलेले, तो आत शिरेल कसा? शेवटी पोरांनी बादल्यांनी विझवलं. (ट्रॉली आमचीच होती, लिहायला लाज वाटते.)

तेव्हापासून गावात एकच चर्चा, दंड लावा दंड लावा. अहो दंड आहेच की! रस्त्यावर, मोकळ्या जागेवर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा नियमांपासून मनाई आहे, त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं साधा कचरा जाळला तर 5,000 आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000 रुपये सांगितले, शिवाय आगीशी हलगर्जी करून कोणाचा जीव धोक्यात घातला तर न्याय संहितेचं कलम 287 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. एवढं सगळं असून आमच्या गल्लीत एक पावती फाटलेली मी पाहिली नाही. आणि फाडणार कोण, सकाळी सहाला झाडूवालेच पाल्याचे ढीग पेटवतात आणि पुढच्या गल्लीत जातात. त्यांना नाव ठेवत नाही, ढीग उचलायला गाडी नसेल तर ते तरी काय करतील बिचारे.

मला विचाराल तर खरी गोम इथेच आहे, आमच्याकडे पेटवल्यावर जाळाजवळ कोणी थांबत नाही. प्लास्टिक, थर्माकोल, जुन्या ठिबकच्या नळ्या तर जाळूच नये, तो काळा धूर पोराबाळांच्या छातीत जातो, त्यावर वाद नको. पण शेतकऱ्याला सरसकट जाळू नका म्हणणं सोपं आहे हो. पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी राहते, असं कृषी खातंच दरवर्षी सांगतं, मग पुढच्या पेरणीच्या घाईत माणूस काडी लावतो. श्रेडरनं कुट्टी करून मातीत मिसळली तर उत्तमच, पण भाडं परवडलं पाहिजे आणि मशीन वेळेवर मिळालं पाहिजे. दोन्ही जमत नाही तिथे निदान जाळ कसा सांभाळायचा ते तरी सांगा.

चैत्रापासून मृग लागेपर्यंत, आमच्याकडे पारा 44-45 ला टेकतो त्या दिवसांत, सकाळी नऊनंतर काडीच लावायची नाही. आधी भोवतालचं गवत खरडून माती उघडी करायची, वर लाईटच्या तारा आहेत का बघायचं, पाण्याचं भरलेलं पिंप आणि फावडं जवळ ठेवायचं, आणि एका माणसानं शेवटपर्यंत तिथेच बसायचं, मोबाईल बघत का होईना. राख वरून पांढरी दिसली म्हणजे विझली असं नसतं, आत दुपारपर्यंत विस्तव धगधगत असतो, म्हणून पाणी मारून फावड्यानं खालीवर करायची, परत पाणी मारायचं. आमच्या आजोबांच्या वेळी खळ्यावर कोणी विडी पेटवली तरी शिव्या बसायच्या, आता कोणी कोणाला बोलत नाही.

आणि नगरपालिकेला एकच सांगणं आहे. घंटागाडीच्या भोंग्यावर रोज तेच गाणं वाजतं, उन्हाळ्यात त्यात दोन वाक्यं आगीची टाका, खर्च काही नाही. फक्त गाडी यायला पाहिजे. आखाजीच्या आठवड्यात ती आमच्याकडे दोनदाच आली, त्यातली एक गंजी जळाल्यावर.

आपला,
अमळनेर-धुळे पट्ट्यातला एक वाचक