दहावी पास झाला म्हणून विमा नाही?

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

दापोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात जवळच्या गावातली एक आई मुलाच्या व्हिसाची प्रिंट काढायला आली. एजंटने ड्रायव्हरची नोकरी सांगितली होती. कागद सगळा अरबीत. सौदीत वीस वर्षं काढून आलेल्या एका चाचांनी वाचून सांगितलं, हा मेंढ्या राखायचा व्हिसा आहे. तोवर मुलगा रियाधला पोचला होता.

साहेब, आमच्याकडे ही वाट जुनी आहे. आधी बोटीवरचे खलाशी, मुंबईचे चाकरमानी, मग सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाढला तसे कुवेत, दुबई, सौदी. भातावर वर्ष निघत नाही हे खरंच. पण नुसत्या गरिबीने माणसं जात नाहीत. मंडणगड-खेडकडे स्थळ बघताना आधी विचारतात, 'मुलगा बाहेर आहे का?' बाहेर असलेल्याच्या घराला गुळगुळीत लादी, चिऱ्याचा गडगा, आणि आत दोन म्हातारी माणसं. ते बघत वाढलेला पोरगा दहावी झाली की पासपोर्टचा फॉर्म भरायला माझ्याकडे येतो.

नेमका इथेच कायदा त्याला सोडून देतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी तपासणी हवी' असा शिक्का असतो. आखातासह १८ देशांत कामाला जाताना त्याला परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या कायद्याखाली (इमिग्रेशन अ‍ॅक्ट नव्हे, एमिग्रेशन अ‍ॅक्ट) परवानगी लागते, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावाच लागतो. दहावी पास झालेल्या मजुराला यातलं काहीच सक्तीचं नाही. दहावीच्या मराठी-इंग्रजीवर त्याने अरबी करार कसा वाचायचा?

तुमच्याच मंत्रालयाने १ जानेवारी २०१९ पासून अशा मुलांनाही ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली होती. लागू होण्याआधीच ती स्थगित झाली. ती सुरू करा. मोफत ठेवा, मोबाईलवर मराठीत भरता येऊ द्या, सोबत विमा द्या आणि विमानात बसण्याआधी कराराची मराठी प्रत त्याच्या हातात पडू द्या. चौकशीला रत्नागिरीत एक खिडकी तरी असावी. मुंबईला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडते.

तो मुलगा अजून तिकडेच आहे. रेंज मिळाली की शुक्रवारी फोन करतो. आईने तो अरबी कागद माझ्याकडून लॅमिनेट करून घेतला, पावसात भिजू नये म्हणून.

आपला,
एक दापोलीकर