तर्कशास्त्राच्या बाईंना

आदरणीय बाई,

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाचनालयातल्या मुलांसाठी तुम्ही आलात, त्याचे आभार तेव्हा घाईगडबडीत मानले गेले. चहासुद्धा धड झाला नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांनी वाचावं असं.

दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते चित्र तुम्ही घेतलंत. काळोखात चमचमणारा भारत, निळे-हिरवे-लाल ठिपके आणि खाली ओळ: ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत’. हे खोटं आहे, असं सांगून पाच मिनिटांत मोकळं होता आलं असतं. (शिक्का मारून मोकळं होणारे पुष्कळ आहेत, पुढचं चित्र आलं की पोरं पुन्हा तिथंच.) तुम्ही त्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवलीत आणि विचारलंत, “आता नुसतं चित्र काय सांगतंय?”

रात्र आहे, दिवे आहेत. बस्स. सण आणि तारीख दोन्ही पट्टीखालून येत होतं. मग तुमचा दुसरा प्रश्न: दिवाळीमुळे उजेड वाढला म्हणता, तर कशापेक्षा वाढला? साध्या रात्रीचा फोटो शेजारी नको का? “पण पावसाळ्यातला नको, ढग असतील,” असं मागच्या रांगेतून आलं, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

खरी हकिकत तुम्ही त्यानंतर सांगितलीत. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-समुद्राचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून ते चित्र तयार केलं. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या, म्हणजे ऐन दिवाळीतल्या रात्रीचं चित्रही दाखवलंय; सणाचा जादा उजेड इतका थोडा की अवकाशातून तो बहुधा जाणवणारच नाही, असं त्यांचंच म्हणणं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. त्याच चित्राखाली तुम्ही नवी ओळ लिहिलीत: ‘या काळात भारताची लोकसंख्या वाढली’. चित्र तयार करण्याचा हेतू तोच होता, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथंही तुम्ही सोडलं नाहीत. नवे दिवे म्हणजे नवी माणसंच कशावरून? जुन्याच गावात वीज पोचली असेल तर? विगामी युक्तिवाद (म्हणजे पाहिलेल्या गोष्टींवरून न पाहिलेल्याचा अंदाज बांधणं) ‘सिद्ध’ होत नसतो, तो भक्कम किंवा कच्चा ठरतो, हे आम्ही अकरावीत नुसतं घोकलं होतं. पोरांनी ते समोर घडताना पाहिलं. पहिली ओळ अगदीच कच्ची, दुसरी बरीच बरी, पण जनगणनेचे आकडे जोडले तरच भक्कम, असा निकाल त्यांनीच दिला.

मे महिन्यात केसांच्या तेलाच्या ‘आधी आणि नंतर’ छापाच्या जाहिराती घ्याव्यात, अशी मुलांची मागणी आहे. कात्रणं जमवायला सुरुवातही झालीय. तारीख तुमच्या सोयीने कळवा, आणि या वेळी चहा आधी.

आपली नम्र,
वाचनालयाची कार्यवाह