पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या रेघेबद्दल

वरच्या मजल्यावरच्या काकांना,

काका, तोंडावर आभार मानायला लागले की तुम्ही ‘केबल नीट बसलीय ना?’ असं काहीतरी विचारून विषय बदलता. म्हणून लिहून टाकते. आणि सगळ्यांदेखत लिहिते, कारण तुमच्याआधी मला ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले त्यांच्याही नजरेस हे पडलं तर बरंच होईल.

आधी त्यांचंच सांगते, म्हणजे मन मोकळं होईल. दिवसभर मजकूर तपासायचा आणि रात्री तासभर स्क्रीनवर गाडी पळवायची, एवढ्या दोनच गोष्टींसाठी मला मॉनिटर हवा होता. विकणाऱ्याने ‘दोन स्क्रीनचं काम एकात’ म्हणत ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा बराच रुंद मॉनिटर, गळ्यात मारला. त्यावर पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, किती, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. २५६० बाय १०८० निघाला. ‘वर्षांचा’ या शब्दावरचा रफार आणि अनुस्वार मिळून एकच डाग दिसायचा. तक्रार केली तर म्हणाला, ‘मॅडम, डोळे तपासून घ्या.’ मी खरंच तपासून घेतले हो! नंबर होता तोच.

मग मावसभाऊ म्हणाला, घ्यायचाच तर ४९ इंची घे, उगाच मन मारू नकोस. ऑफिसातल्या एकाने भलाथोरला तक्ता पाठवला, त्यात रिफ्रेश रेटपासून (स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते ते, हर्ट्झमध्ये मोजतात) स्टँडच्या वजनापर्यंत सगळं होतं. ‘१४४ हर्ट्झ की २४०?’ हे मला तिघांनी विचारलं. तू दिवसभर काय बघतेस, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही आला होतात आमच्याकडे ठेवलेलं तुमचं पार्सल न्यायला. मी स्क्रीनला नाक लावून बसलेली दिसले, तेव्हा म्हणालात, ‘ऊठ जरा.’ माझ्या खुर्चीत बसलात, दोन परिच्छेद वाचलेत, आणि पार्सलच्याच कागदावर आकडेमोड करून दाखवलीत: या मॉनिटरवर एका इंचात जेमतेम ८२ पिक्सेल, माझ्या जुन्या २४ इंचीवर ९२. म्हणजे खिसा रिकामा करून मी अक्षरं आणखी धूसर करून घेतली होती. ३४ इंचीच घे, पण ३४४० बाय १४४०, मग इंचाला ११० पडतात, असं तुम्ही म्हणालात. डोळ्यांना दोष न देणारे तुम्ही पहिलेच.

पण खरे आभार दुसऱ्या दिवशीचे आहेत. संध्याकाळी तुम्ही काखेत पुठ्ठे घेऊन आलात. एक ८० सेंटिमीटर रुंद, ३४ इंचीचा. एक १२० चा, ४९ इंचीचा. आणि एक साध्या ३२ इंचीचा, ‘कारण तो रुंदीला कमी असला तरी उंचीला सहा सेंटिमीटर जास्त आहे, आणि मजकूर खाली वाढतो, आडवा नाही.’ तिन्ही आळीपाळीने टेबलावर उभे करायला लावलेत आणि म्हणालात, ‘दोन दिवस यांच्याकडे बघ. विकत काही घेऊ नकोस.’ १२० वाल्याच्या दोन्ही टोकांकडे बघताना पहिल्याच दिवशी मान अवघडली. ३२ वाला कामाला छान होता, पण गाडी चालवताना मला बाजूचे आरसे हवे असतात. ८० वाल्यावर तुम्ही पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली होती आणि तिच्याशेजारी लिहिलं होतं: ‘डोळे इथे’. माझ्या खुर्चीची उंची आदल्या दिवशी, मला कळूही न देता, तुम्ही वितीने मोजली होतीत.

त्या रेघेपाशी मला भरून आलं. अजूनही येतं, हसू नका.

पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या जातीच्या, बाबतीतही तुम्ही मला भुलू दिलं नाहीत. ओलेड जातीच्या पॅनेलचा काळा रंग बघून मी विरघळले होते. तुम्ही कबूल केलंत की रात्रीचा रस्ता त्यावरच खरा दिसतो, स्वस्तातल्या व्हीए जातीच्या पॅनेलवर अंधारात हलणाऱ्या गोष्टींमागे काळपट शेपूट राहतं. पण दिवसाचे नऊ तास एकाच जागी तोच टास्कबार असेल तर ओलेडवर त्याचा डाग उमटण्याचा धोका असतो, आणि काही ओलेडवर अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. ‘तुझा दिवस रात्रीपेक्षा मोठा आहे, आयपीएस घे,’ म्हणालात, म्हणजे तिसरीच जात. काही गेम बाजूला काळ्या पट्ट्या सोडतात, हेही आधीच सांगितलंत. त्यामुळे सहज लावून बघितलेला ‘एल्डन रिंग’ हा गेम मधेच चिंचोळा दिसला तेव्हा मी दचकले नाही.

आणि एक. तुमचा स्वतःचा ४९ इंची आहे. स्क्रीनवर विमानं उडवायला घेतलेला. मला वाटलं तुम्ही त्याचीच भलामण कराल. तुम्ही म्हणालात, ‘मी फसलो. विमानात मजा येते, पण त्यावर साधं बिल भरायचं तरी मान फिरवावी लागते, आणि पिक्सेल जवळजवळ फोर-के टीव्हीइतके, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड धापा टाकतं.’ काका, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूबद्दल ‘मी फसलो’ म्हणणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय. लोक आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधतात, म्हणजे त्यांना सोबत होते. मावसभावाने नेमकं तेच करून पाहिलं होतं, त्याच्याकडेही ४९ इंचीच आहे हे मला नंतर कळलं!

जुना मॉनिटर भाच्याने नेला. त्याला अक्षरं वाचायची नसतातच, तो खूश आहे. नव्या ३४ इंचीवर ‘वर्षांचा’ मधला अनुस्वार आणि रफार आता वेगवेगळे उभे असतात. दोन पुठ्ठे रद्दीत गेले. तिसरा मॉनिटरच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलाय. पुसायला स्क्रीन पुढे ओढली की तुमचं अक्षर दिसतं.

तुमची,
खालच्या मजल्यावरची