रोहन, डबी पुन्हा भरून दे

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे, आता तुझी लॅब बंद कर" म्हणालास. मी फोन ठेवला तो रागानं नाही, दूध उतू गेलं होतं. रात्री तुझ्या बेडक्याच्या रिपोर्टचा फोटो मोठा करून वाचला. 'नॉर्मल ओरल फ्लोरा' म्हणजे तोंडात नेहमी राहणारे जंतू, फुप्फुस नॉर्मल नव्हे रे. वरची ओळ वाच. एपिथेलियल सेल्स, म्हणजे तोंडातल्या पेशी, भरपूर; पस सेल्स, पुवातल्या पेशी, तुरळक. म्हणजे डबीत लाळ गेली. मायक्रोस्कोपच्या लो पॉवरच्या एका फील्डमध्ये पस सेल्स 25 च्या वर आणि तोंडातल्या पेशी 10 च्या आत असतील, तरच आम्ही जंतू वाढवायला प्लेट लावायचो, म्हणजे कल्चर. नाहीतर डबी वॉर्डला परत. सिस्टर चिडायच्या, चिडू देत.

शिवाय त्याआधीच तू दुकानातून लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून खाल्लंस, चिठ्ठीशिवाय. न्यूमोकॉकस, न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू, मुळातच नाजूक. एकदोन डोस पोटात गेले तरी कल्चरमध्ये उगवायचा नाही. आणि हे औषध टीबीच्या जंतूवरही चालतं. ताप उतरतो, माणूस खूश होतो आणि खरं निदान महिनाभर लांबतं. नानांच्या वेळी काय झालं ते मी इथे काढणार नव्हते.

बघ, झालंच लेक्चर सुरू. माफ कर. आजारी मुलाला कसा आहेस, जेवलास का, हे आधी विचारायचं असतं. मृणाल मऊ भात देते ना?

शनिवारी अर्धी शाळा सुटली की तू लॅबमध्ये यायचास, आठवतं? काचेच्या बरणीत ब्लड अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटा, त्यांच्यावर पेटती मेणबत्ती, झाकण घट्ट. मी सांगितल्याप्रमाणे हात पाठीमागे बांधून तू ज्योत विझेपर्यंत बघत राहायचास. ह्या जंतूंना कार्बन डायऑक्साइड जरा जास्त लागतो, हे तुला चौथीतच माहीत होतं. जंतूंच्या वसाहतींभोवती हिरवट कडा दिसली की पुढे ऑप्टोचिनची चकती; तिच्याभोवती जंतू न वाढलेलं रिंगण पुरेसं मोठं आलं की तो न्यूमोकॉकस. सोमवारी दप्तर न उतरवता विचारायचास, "14 मिलिमीटर आलं का?" ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं 1884 मध्ये बर्लिनला न्यूमोनियानं गेलेल्या माणसांच्या फुप्फुसाच्या तुकड्यांवर तो जांभळा रंग बसवला, ही गोष्ट तू शाळेत सांगितलीस तेव्हा बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी काय शिकवता! आज तू मशीनला स्लाइड ओळखायला शिकवतोस. सगळ्या गल्लीला सांगून झालंय माझं. अक्का तर मला टाळते हल्ली. आणि असा तू, स्वतःची डबी मात्र थुंकून मोकळा झालास.

मृणाल म्हणाली, पीसीआर करणार आहेत, जंतूंची जनुकं शोधणारी टेस्ट. करा, चांगलंच आहे. तासाभरात कळतं, आणि मायकोप्लाझ्मासारखा भिंतच नसलेला जंतू त्या ग्रॅमच्या रंगात दिसत नाही तोही त्यात सापडतो. पण त्यालाही डबीतलंच मिळणार ना? लाळ घातलीस तर घशात मुक्कामाला असलेल्यांचीच नावं येतील. लघवीत जंतूचे अंश शोधणाऱ्या अँटिजेन टेस्टचंही डॉक्टरांना विचार, न्यूमोकॉकस आणि लेजिओनेला (न्यूमोनियाचाच आणखी एक जंतू), दोन्हीचं. औषध चालू असलं तरी ती टेस्ट पुष्कळदा पकडते. आणि सीबीनॅट, टीबीची तपासणी. ते मात्र नक्की. दोन तासांचं काम आहे. एक्स-रेवर उजवीकडे डाग आहे, आणि घरात नानांच्या टीबीचा इतिहास आहे. डॉक्टरांना तो सांगितलास का? नसशील सांगितला.

तर पुन्हा डबी दे. सकाळी उठल्यावर, साध्या पाण्यानं चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून. घट्ट, पिवळट यायला हवं. येत नसेल तर ते मिठाच्या पाण्याची वाफ देतात, लाजू नकोस. डबी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचली पाहिजे, मोटारसायकलच्या डिकीत दुपारपर्यंत ठेवायची नाही. तू हे करशील म्हणून लिहितेय. गोळ्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार.

आणि दम लागला, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर डबी राहू दे, सरळ ॲडमिट हो. मी शुक्रवारच्या गाडीचं वेटिंग काढलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. नवा रिपोर्ट आला की पूर्ण पानाचा फोटो पाठव, खालचा अर्धा कापून नाही.

तुझी,
आई