आधी गळा बघ

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तू विकत घ्यायची म्हणतोस ती फोटोतली सोनेरी झाक असलेली दिव्याची जुनी काचेची शेड देखणी आहे, पण रंगावर भाळू नकोस. विकणाऱ्याकडून होल्डरमध्ये, म्हणजे शेडला तीन स्क्रूंनी धरणाऱ्या धातूच्या वाटीत, बसणाऱ्या गळ्याचा बाहेरून घेतलेला व्यास मागव. लोक हमखास आतलं भोक मोजतात. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या विजेच्या शेडचा गळा सव्वादोन इंची, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या आसपास. चार इंची निघाला तर शेड बहुधा गॅसच्या दिव्याची.

गळ्याच्या कडेचे बारीक टवके होल्डरखाली झाकले जातात, ते चालतील. तिथून खाली उतरलेला तडा मात्र नको. बल्बच्या उष्णतेने तो वाढत जातो. शेड हातात आली की नखाने टिचकी मार. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

सहीसुद्धा गळ्यावरच शोध. न्यूयॉर्कच्या 'क्वेझल' या काच कारखान्याचं नाव तिथे कोरलेलं असतं, 'स्टूबेन' या दुसऱ्या काच कारखान्याचा चंदेरी शिक्का असतो. जुन्या गळ्यावर स्क्रूंचे ओरखडे असतात. कोरलेलं नाव त्या ओरखड्यांवरून गेलेलं दिसलं, तर ते मागाहून घातलेलं समज. बिनसहीच्या अस्सल शेडही भरपूर आहेत आणि त्या स्वस्त पडतात. मी त्याच घेईन.

'होलोफेन' या खाचांच्या काचेच्या शेडची गोष्ट वेगळी. ब्लोंडेल आणि प्सारुदाकी या अभियंत्यांची ही १८९३ची कल्पना: काचेच्या लोलकपट्ट्यांनी उजेड हवा तिकडे वळवायचा. म्हणून बल्ब चुकीच्या उंचीवर लोंबला की सगळा हिशेब बिघडतो. खाचांतला चिकट थर कोमट साबणाच्या पाण्याने, मऊ टूथब्रशने काढ. सिंकच्या तळाशी टॉवेल अंथर. झळाळीच्या काचेला अमोनिया किंवा घासणी लावू नकोस. वरून रंगवलेली शेड तर भिजवूच नकोस, रंग सुटतो.

बसवताना तिन्ही स्क्रू आळीपाळीने, बोटांनीच फिरव. काचेला टेकले की पाव फेरा मागे घे. शेड किंचित हलली पाहिजे, पण निसटता कामा नये. पक्कड लावून आवळलेले स्क्रू हेच गळा फुटण्याचं नेहमीचं कारण. तापलेल्या काचेला पसरायला जागाच उरत नाही. आत चार वॅटचा एलईडी पुरे.

पार्सल दोन खोक्यांत मागव, मध्ये सगळीकडून पाच सेंटीमीटर भरण. शेडच्या पोटातही कागद हवा.

माप आलं की कळव, मग होल्डरचं बघू.

तुझा,
मिलिंद