खुराड्यात पाणी नको

लांजा,
१८ मे

चि. सौ. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

रोज सकाळी नळी लावून खुराडं धुतेस, वर फिनाईल ओततेस, तरी वास जात नाही आणि शेजारीण नाक मुरडते, असं परवा फोनवर म्हणालीस. आधी ते पाणी बंद कर. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण नळी आजच गुंडाळून ठेव.

तुला स्वच्छतेची सवय मीच लावली, त्यामुळे तुला रागावत नाही. पण मोरीचं पाणी उतारावरून निघून जातं. खुराड्यातलं पाणी फळीखाली, कोपऱ्यात, कोब्याच्या भेगांत मुरतं आणि रात्री त्याच्यावर बारा कोंबड्या शिटतात. ओल्यात ती शीट कुजते आणि अमोनिया सुटतो. सार्वजनिक मुतारीत डोळ्यांना झोंबतो तोच. तू उभी राहून वास घेतेस, तो निम्माच. एकदा उकिडवी बसून कोंबडीच्या डोक्याइतक्या उंचीवर नाक ने. तिथे डोळे चुरचुरले, तर ती रात्रभर कशात बसते ते कळेल. अशा कोंबड्यांचे डोळे पाणावतात, नाकं वाहतात, मग आपण सर्दीचं औषध शोधत फिरतो.

तुझी दोन महिन्यांची तलंग, ती कोवळी कोंबडी, रक्ताची शीट टाकून मेली, ती बहुतेक रक्ती हगवणीने. बाकीच्यांपैकी कोणी तशी शीट टाकली, तर वाट बघू नको. ताजी शीट पिशवीत घालून दवाखान्यात ने, ते तपासून पाण्यातून द्यायचं औषध देतात. त्या रोगाची डोळ्यांना न दिसणारी अंडी शिटेतून पडतात. पडल्या पडल्या ती बाधत नाहीत. त्यांना ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात, आणि मग पिल्लांनी जमिनीवरचं टिपलं की पोटात जातात. फिनाईलने ती मरत नाहीत. म्हणजे धुऊन धुऊन तू त्यांना हवी तीच ओल देत होतीस. कोरड्यात मात्र ती टिकत नाहीत.

आता खुराड्यात अंथरायचा तूस. तुमच्या भागात भाताच्या गिरण्या पुष्कळ. तुमच्या कर्जतच्या नावाचं भात तर आम्ही इथे लावतो. गिरणीवर जाऊन चार-पाच पोती तूस आणून ठेव. मिरगाआधीच आण. एकदा पाऊस लागला की मिळेल तो तूस दमट असतो, आणि दमट तुसाला बुरशी धरते. ती बुरशी कोंबड्यांच्या फुप्फुसात जाते. आपण पावसाची बेगमी करताना लाकडं, मीठ, सुकी मासळी भरतो, त्यातच हे धर. पोती जमिनीवर ठेवू नको, फळीवर ठेव.

कोबा पूर्ण सुकला की तीन बोटं जाड थर पसर. एक दिवसाआड फावड्याने किंवा दाताळ्याने वरखाली कर, म्हणजे शीट तुसात मिसळून सुकते. थर बसला की वरून थोडा नवा टाक. करता करता तो वीतभर होईल, होऊ दे. मूठभर तूस हातात घेऊन दाबायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त झाली. धरल्यासारखा होऊन मोडला तर बरोबर आहे. एखादी जागा भिजलीच, तर तेवढा तूस घमेल्यात काढून टाक आणि तिथे कोरडा भर. विझवलेल्या चुन्याची पूड मिसळतात, तीही चालते, पण कोंबड्या बाहेर असताना आणि दार सताड उघडं ठेवून. चुना पडला की पहिल्यांदा वास उलट भडकतो. कळीचा चुना मात्र कोरडा टाकू नको, पाय भाजतील.

सगळ्यात जास्त शीट रात्री पडते, आणि कोंबड्या बसतात त्या दांडीखाली पडते. तिथे एक जुना पत्रा सरकवून ठेव. सकाळी तेवढा पत्रा बाहेर ओढायचा, उलथन्याने खरवडायचा, राख भुरभुरायची, परत आत. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने निम्मा वास जातो.

पाण्याचं भांडंही बघ. खालीच ठेवलं असशील तर त्यात त्या पाय घालणार, कलंडणार. दोन विटांवर ठेव, कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर येईल असं. भांडं रोज घासायचं. धुण्याची हौस तिथे फेड.

फोटोत मला एक गोष्ट खटकली. पावसाची तयारी म्हणून जावयांनी चारी बाजूंनी ताडपत्री खालपर्यंत सोडून घट्ट बांधली आहे. माथेरानच्या पायथ्याशी पाऊस आमच्यापेक्षा कमी नाही, भीती मला समजते. पण वारा बंद झाला की ओल आतच कोंडते. बारा जिवांच्या श्वासाचीही ओल असते. पावसाच्या झडीच्या बाजूला ताडपत्री हवी, पण छपराखालचा वीतभर भाग चारी बाजूंनी मोकळा राहू दे. ताडपत्री घट्ट बांधण्याऐवजी छप्पर पुढे दोन फूट वाढवा, म्हणजे पागोळ्या लांब पडतील. खुराड्याभोवती चर खणून पाण्याला वाट करा. कोंबडीला थंडी सहसा बाधत नाही, पिसं आहेत तिला. ओलसर कोंडलेली हवा बाधते.

आता किडे. संध्याकाळी कोंबड्या आत जायला कुरकुरतात, अंगणातच रेंगाळतात, असं तू हसत सांगितलंस. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बारीक लाल किडे दिवसा दांडीच्या टोकांना, खिळ्यांच्या भोकांत, फळ्यांच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडीवर दिवसा शोधशील तर काही सापडायचं नाही. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा आणि पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगाने ओढ. फडक्यावर लाल डाग उमटला तर ते आहेत. मग दांड्या काढून उन्हात टाकायच्या, सांध्यांवर कढत पाणी ओतायचं, सुकल्यावर फटी चुन्याने बुजवायच्या. आठवड्याने परत तेच करायचं, कारण अंडी राहिलेली असतात. अंगावरच्या उवांसाठी परसात एका कोपऱ्यात चुलीची राख आणि बारीक माती टाकून ठेव, त्या आपल्या आपण लोळतात. गॅसवाल्या घरात राख कुठली म्हणशील, तर शेजारच्या वाडीतून माग. निर्गुंडीचा पाला खुराड्यात टाक असं तुला कोणीतरी सांगेलच. आपल्याकडेही टाकतात. त्याने उवा मरतात असं मी म्हणणार नाही. पण पाला बदलायच्या निमित्ताने घरटं तरी साफ होतं, म्हणून मी कोणाला अडवत नाही.

वर्षातून दोनदा मात्र सगळं खुराडं रिकामं करायचं: आत्ता मिरगाआधी, आणि दिवाळीनंतर नवा तूस निघतो तेव्हा. त्या दिवशी पाणी वापर, हवं तेवढं. तोंडाला फडकं बांध. तूस काढण्याआधी वरून हलकं शिंपड, नाहीतर धूळ छातीत जाते. सगळं काढून झाल्यावर कोरडं खरवड, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ब्रश मारून घास. हे झाल्याशिवाय कुठलंही जंतुनाशक घालू नको. घाणीवर ओतलेलं औषध घाणच पिऊन टाकते, खालचे जंतू तसेच राहतात. घासल्यावर कडकडीत सुकू दे, मग भिंतींना आणि कोब्याला चुन्याचे दोन हात मार. दोन दिवस ऊन लागलं की नवा तूस. ते दोन दिवस कोंबड्या डालग्याखाली राहतील. मे महिन्याचं ऊन आहे तोवर हे उरकून घे.

निघालेलं खत लगेच मिरचीला घालशील तर मिरची जळेल. ते तापट असतं. एका बाजूला ढीग करून पावसापासून झाकून दोन-तीन महिने ठेव. मग माडाला घाल, केळीला घाल. बाबा म्हणतात, त्यांना एक पोतं हवं.

जाळीचं सांगायचं राहिलं. कोंबड्यांची जाळी म्हणून बाजारात षटकोनी भोकांची मिळते. ती कोंबडी आत ठेवते, पण सापाला किंवा उंदराला अडवत नाही. खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि वीतभर जमिनीत पुरा, मुंगूस उकरतं. दाराची कडी अशी हवी की नुसतं ढकलून उघडणार नाही. रात्री दाणा आत ठेवायचा नाही. दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागून साप.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं, वेगळं आहे. ती सफाईने थांबत नाही, तिला लसच लागते. आधी डोळ्यात थेंब घातले असतील तरी आठव्या आठवड्याच्या सुमाराला एक टोचायची असते. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार आणि आजूबाजूच्या बायकांना घेऊन एकदमच जा, कारण कुपी एकदा फोडली की ठेवता येत नाही. बाजारातून नवी कोंबडी आणलीस तर तीन आठवडे वेगळी ठेव, तिचं दाणापाणी शेवटी कर. खुराड्यात जायची चप्पलही वेगळी ठेव. २००६ साली नंदुरबारकडे नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. तिकडे लाखोंनी कोंबड्या मारल्या आणि इकडे आमच्याकडे कोणी कोंबडी फुकट घेईना. २०२१ च्या जानेवारीत परभणीत मुरुंब्याला परत तेच. एकदम दोन-चार कोंबड्या मेल्या तर ओढ्यात फेकायच्या नाहीत की कापून खायच्या नाहीत. हात न लावता आधी दवाखान्यात कळवायचं आणि ते सांगतील तसं करायचं.

खुराडं सहा बाय चार आहे. मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट धरले तर बारांना बरोबर पुरतं. अजून दहा गिरिराज जातीच्या कोंबड्या आणायचं जावयांच्या मनात आहे म्हणतेस. आधी हा पावसाळा काढा. ती तांबडी कोंबडी खुडूक झाली असली तरी तिलाही इतक्यात अंडी उबवायला रवणीवर बसवू नको. एकवीस दिवसांनी ऐन पावसात पिल्लं निघतील आणि ओल्यात ती जगवताना तुझ्या नाकी नऊ येतील. दिवाळीनंतर बसव, अंडी मी देईन. बसवायच्या अंड्यांना शीट लागली असली तरी धुवायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. धुतलं की कवचावरचा पातळ थर जातो.

ओंकार खुराड्यातून आला की साबणाने हात धुतल्याशिवाय त्याला खाऊ देऊ नको. तो पिल्लांचे मुके घेतो असं बाबा सांगत होते, ते बंद कर.

जावयांना नमस्कार सांग. तुसाच्या पोत्याला तिकडे काय पडतात ते कळव, जास्त सांगत असतील तर इथून येणाऱ्या टेम्पोत टाकून देते.

तुझी,
आई