नायजरच्या पर्यावरणमंत्र्यांना एका सोलापूरकराचं खुलं पत्र

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी सोलापूरचा, नायजर कधी बघितलेलं नाही आणि हे मराठीत लिहितोय म्हणजे तुमच्यापर्यंत पोचायची गॅरंटी शून्य, पण सहारा वाळवंटातल्या तुमच्या टर्मित आणि तिन तुम्मा अभयारण्याचं वाचलं आणि राहवेना.

2012 ला तुमच्या सरकारने जवळपास 1 लाख चौरस किलोमीटर राखीव केलं, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा, आणि तेही मुख्यतः अ‍ॅडॅक्स या वाळवंटी हरणासारख्या प्राण्यासाठी. काय जनावर आहे हो ते! पीळदार शिंगं, उन्हाळ्यात अंग पांढरं पडतं, हिवाळ्यात तपकिरी, चाऱ्यातल्या ओलाव्यावर महिनोन्महिने पाण्यावाचून राहतं. खूर इतके पसरट की वाळूत रुतत नाहीत पण त्यामुळेच पळायला मंद, पिकअपमधून बंदूक घेऊन कोणी मागे लागलं की खेळ खल्लास.

मग तिथल्या अगादेम भागातल्या तेलासाठी चिनी कंपनी आली, तिच्या बंदोबस्ताला सैनिक आले आणि त्या सैनिकांनीच शिकार केली असं आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2016 ला जाहीरपणे सांगितलं. 2010 च्या सुमारास 200 अ‍ॅडॅक्स असल्याचा अंदाज होता. 2016 च्या मार्चमध्ये विमानातून आणि जमिनीवरून शोध शोध शोधलं तर सापडले तीन. एकाच कळपात, आता तिघांना कळप म्हणायचं तर म्हणा.

आणि यावर 2019 ला काय केलं, तर हद्दच बदलली, जवळपास निम्मी जागा बाहेर! आमच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याचंही असंच 8,496 चौरस किलोमीटरचं 1,222 झालं, पण त्या हद्दीत निदान गावंच्या गावं आणि लोकांची शेतं अडकली होती. तुमच्या वाळूत कोण अडकलं होतं? तेलाच्या विहिरी.

तेल काढूच नका असं नाही म्हणत, 2024 पासून ते पाइपलाइनने बेनिनच्या किनाऱ्यापर्यंत जातंय, आता कोण थांबवणार. पण बंदोबस्ताच्या गाड्यांवर लक्ष ठेवा, आणि त्या वाळवंटात जन्म गेलेल्या तिथल्या तुबू जमातीच्या लोकांना राखणदारीच्या नोकऱ्या द्या.

शेजारच्या चाडने बघा, 2000 ला जंगलातून नामशेष ठरलेला, तलवारीसारख्या वाकड्या शिंगांचा ओरिक्स (अ‍ॅडॅक्सचाच भाऊबंद) अबुधाबीत वाढवलेल्या कळपांतून 2016 पासून परत सोडला, नंतर अ‍ॅडॅक्सही सोडले. उद्या तुम्हालाही बाहेरून अ‍ॅडॅक्स आणायची वेळ आली तर सोडणार कुठे? काढलेली जागा तेवढी नकाशात परत घ्या.

आपला,
एक सोलापूरकर